करून पाहणारे मनोहरभाऊ

टेलिफोन वाजला की मनोहरभाऊ काकडे आधी दोन पावलं मागे सरकत. साप दिसल्यावर माणूस सरकतो तसे. मग लांबूनच हात पुढे करून रिसीव्हर उचलत, तो कानापासून वीतभर अंतरावर धरत आणि स्वतःच्याच आवाजात सांगत, "मनोहर घरी नाई."

पलीकडून त्यांचा साळा म्हणे, "भाऊजी, तुमीच बोलून राह्यले ना?"

"तो आला का सांगतो," असं म्हणून ते फोन ठेवत. मग थोडं पाणी पीत, घाम पुसत आणि साळ्याला स्वतःहून फोन लावत. "काऊन रे, तू फोन केलता का?"

असा माणूस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तोही चांगली दहा-बारा वर्षं, भिंतीला भिंत लावून. वर्ध्याहून आर्वीकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात बाजाराच्या तोंडाशी त्यांचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं आणि त्याला खेटून माझा सायबर कॅफे. कॅफे म्हणजे तीन कॉम्प्युटर, प्लायवूडची तीन खोपटी आणि प्रत्येक खोपट्याला सुमनवहिनींच्या जुन्या लुगड्याचा पडदा. सुमनवहिनी म्हणजे मनोहरभाऊंच्या पत्नी. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या घरचं वांगं-टमाटं त्या स्वतः बाजारात बसून विकत. नवऱ्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "ह्या माणसाले तान्ह्या पोळ्याच्या बैलाचं भेव वाटते, अन् तो बैल लाकडाचा असते."

यात अतिशयोक्ती नव्हती. मनोहरभाऊ विजेला भीत, इंजेक्शनला भीत, लग्नातल्या बँडला भीत. गल्लीतल्या कुत्र्यासाठी खिशात ग्लुकोजचं बिस्कीट ठेवत आणि कुत्रा दिसण्याआधीच ते फेकत, त्यामुळे कुत्रा रोज त्यांची वाट पाहू लागला आणि भीती दुप्पट झाली. ते दुकानाला आतून कुलूप लावत नसत, कारण आग लागली तर? आणि शटर उघडंही ठेवत नसत, कारण कोणी आलं तर? दुपारी जेवणानंतर दुकान बंद असे, तेव्हा शटर खाली ओढलेलं पण कुलूप न लावलेलं, अशी त्यांनी दोन भीतींच्या मधली वाट काढली होती. ती वाट पुढे केवढ्याला पडली ते सांगतोच.

भुताच्या सिनेमांच्या कॅसेटी ते गिऱ्हाइकाच्या विश्वासावर देत. स्वतः कधी पाहत नसत. कोणी कॅसेट परत आणली की हळूच विचारत, "शेवटी मरते का हो ते भूत?"

"भूत आधीच मेलेलं असते, मनोहरभाऊ."

"हो, ते खरं. पण मग जाते का?"

जाते म्हटलं की सुटकेचा श्वास सोडत आणि कॅसेट फळीवर ठेवत, तरी लेबल भिंतीकडे करून.

नव्वदीच्या दशकात त्या दुकानावर बरं चाललं होतं. मग घराघरात केबल आली, सीडी आल्या, मनोहरभाऊंनीही त्या भाड्याने द्यायला ठेवल्या आणि कॅसेटींवर धूळ बसू लागली. त्याच सुमारास मी कॅफे काढला. एके दिवशी दुपारी मनोहरभाऊ माझ्याकडे आले, कोपऱ्यातल्या खोपट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सुध्या, त्या डब्याचं तोंड भिंतीकडे करता येते का?"

"मग तुम्ही पाहाल कसं?"

"मी भिंतीकडून बसतो ना."

आणि खरोखर भिंत आणि टेबल यांच्या फटीत पोट आत ओढून बसले. टाइप करता येत नव्हतं, त्यामुळे शेवटी त्यांना मला हाक मारावीच लागली. मग जे बाहेर आलं ते मी आज अगदी सरळ सांगतो, कारण त्यांनी स्वतः पुढे सगळ्या गावासमोर याहून सरळ सांगितलं.

मनोहरभाऊंना सिनेमातले बांधल्याचे प्रसंग आवडत. खलनायकाने नायिकेला खुर्चीला बांधलंय, डाकूंनी ठाणेदाराला झाडाला बांधलंय, गोदामात पोत्यांच्या थप्पीपाशी कोणाचे तरी हात मागे बांधलेत. बस, एवढंच. लहानपणापासून आवडत. दुकानातल्या हजारो कॅसेटींमधला असा प्रत्येक प्रसंग त्यांना पाठ होता. आणि त्यांना वाटत होतं की अख्ख्या जगात हा एकच इसम असा जन्माला आला आहे. इंटरनेटवर पहिल्याच दिवशी कळलं की तसं नाही. असे लोक देशोदेशी होते आणि त्यांनी एक साइट बनवली होती. कुठल्या सिनेमात, कितव्या मिनिटाला, कोणाला, कशाला बांधलंय याची नोंद. कोणाला त्यात शृंगार वाटे, कोणाला थरार. तिथे कोणी कोणाला कारण विचारत नसे. मनोहरभाऊंनी ते पान पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. मग लगेच उठून मागचं दार बंद आहे का ते पाहून आले.

"काऊन आवडते, मनोहरभाऊ?" मी विचारलं. मी तेव्हा अठ्ठावीसचा होतो आणि मला सगळ्याचं कारण हवं असे.

ते टेबलाचा सनमाईका नखाने खरवडू लागले. "बांधलेल्या माणसाले भ्यायचं काम नसते रे," म्हणाले. "त्याच्या हाती काईच नसते ना. फोन उचलू का नको, दार लावू का नको, काई नाई. जे करायचं ते बाकीच्यायनं कराव. तेवढा वेळ मले बी भेव नाई वाटत पाहताना."

साइटवर हिंदी-मराठी सिनेमांचा कोपरा नुकताच उघडला होता आणि तिथे नुसता गोंधळ होता. शोधण्यासाठी प्रत्येक नोंदीला खुणेचे शब्द लावायचे असत, टॅग म्हणत त्यांना. एकजण खांब लिही, दुसरा पिलर, तिसरा स्तंभ. तुम्ही खांब शोधलं की पिलरवाले प्रसंग अदृश्य. कोणी हौशी माणसाने तर एका नोंदीला 'बिचारी' असा टॅग लावला होता. हे सगळं एका वळणावर आणायला स्वयंसेवक हवे होते. मनोहरभाऊंनी नाव दिलं. म्हणजे टोपणनाव. ते होतं 'निर्भय'.

मी हसलो तर रागावले. "मंग काय भेदरट लिहू?"

लवकरच भिंतीला भोक पाडून माझ्या कॅफेतून त्यांच्या दुकानात केबल गेली, एक जुना कॉम्प्युटर बसला आणि 'निर्भय' रोज दुपारी शटर ओढून कामाला लागले. त्यांनी प्रत्येक प्रसंगाला तीन प्रश्न ठरवले. कशाला बांधलं? कशानं बांधलं? सुटका कशी झाली? खुर्ची, खांब, झाड, खाट. दोर, कापड, साखळी, तार. आपण सुटली, दुसऱ्यानं सोडवली, सुटलीच नाही. एका गोष्टीला एकच शब्द, बाकीचे सगळे त्याच्याकडे वळवायचे. एवढी मेहनत कशासाठी, असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "कोण्यातरी गावात माझ्यासारखाच एखादा बसला असन, दार लावून. त्याले जे पाह्यजे ते एका ठोक्यात भेटलं पाह्यजे. त्याले दहा दारं ठोठवाले लावू नये. भेव वाटते माणसाले."

आणखी एक नियम त्यांनी एकट्याने भांडून मिळवला. कोणी बातमीतला फोटो टाकला, खऱ्या माणसाला खरोखर बांधलेलं असलं, की ती नोंद तिथल्या तिथे उडवायची. एवढ्या एका बाबतीत त्यांचा आवाज चढे. "सिनेमातली बाई शॉट झाला का चहा पेते. खऱ्या माणसाले बांधलं तर तो खेळ नाई. आपल्या इथं नाई चालणार."

त्या कोपऱ्याचा मुख्य कोणी 'कॅप्टन' नावाचा इसम होता. कुठल्या देशात राहतो, तरुण की म्हातारा, काही ठाऊक नाही. मनोहरभाऊ काहीही सुचवोत, कॅप्टनचं उत्तर एकच, 'सहमत नाही.' त्या दोन शब्दांनी मनोहरभाऊंना ताप येई. मग पुरावा देण्यासाठी ते प्रयोग करू लागले. एका सिनेमात खांबाला बांधलेली नायिका पायाने कंदील लाथाडते. कॅप्टन म्हणे, पाय मोकळे असतील तर 'आपण सुटली' धरावं. मनोहरभाऊ म्हणाले, "पाहून नाई सांगता येत. करून पाहा लागते." आणि खरोखर ते दुकानातल्या लोखंडी खांबाशी उभे राहिले आणि बैलाच्या जुन्या सुती कासऱ्याने त्यांनी मला स्वतःला बांधायला लावलं. पुढ्यात कंदिलाच्या जागी पितळी लोटा. हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला, धोतराला बिस्किटाचा चुरा लागलेला माणूस पाय लांबवून लोट्याला अंगठा लावायची धडपड करतोय, अंगठा लागतोय, लोटा गडगडतोय, आणि त्या आवाजाने तो स्वतःच दचकतोय. मी हसून जमिनीवर बसलो. त्यांनी मात्र गंभीरपणे सांगितलं, "लिही. लोटा पडते, पण गाठ तशीच राह्यते."

आता त्या बाजारच्या दिवसाकडे येतो.

वाद खुर्चीचा होता. खुर्चीला पाय बांधलेले आणि हात मागे फासात अडकवलेले असले तर माणूस स्वतःहून सुटू शकतो की नाही? कॅप्टनचं म्हणणं, नाही. मनोहरभाऊंचं म्हणणं, नक्की सुटतो, कारण त्यांनी तो प्रकार सुती कासऱ्याने अनेकदा करून पाहिला होता आणि दर वेळी मनगट फिरवून सुटले होते. पण त्या सिनेमात दोर नायलॉनचा होता. मनोहरभाऊ सचोटीचे. सकाळी बाजारात गेले आणि शेषरावकडून नवाकोरा नायलॉनचा दोर घेऊन आले.

शेषराव दर बाजाराला दावी, कासरे, दोर घेऊन बसे. काटकुळा, हसरा माणूस. पांढऱ्या नायलॉनमध्ये एक निळा पदर पिळलेला असे, ती त्याची खूण. बैलाला कसला दोर, विहिरीला कसला, हे तो सांगे. मनोहरभाऊंनी कशासाठी हवा ते सांगितलं नाही, त्यामुळे तोही काही सांगू शकला नाही.

दुपारी मी घरी जेवायला गेलो. मनोहरभाऊंनी शटर ओढलं, कॉम्प्युटरवर साइट उघडी ठेवली, लाकडी खुर्चीवर बसून पायांना पक्क्या गाठी मारल्या, मागे फास करून त्यात मनगटं घातली आणि ओढलं. नवा नायलॉन गुळगुळीत. ओढला की सरकतो, पण एकदा आवळला की मागे येत नाही. मनगट फिरवलं तर आणखी आवळला.

तोंड मोकळं होतं. ओरडता आलं असतं. शटरच्या बाहेर भर बाजार होता. मी नंतर विचारलं, का नाही ओरडलात? तर म्हणाले, "ओरडलो असतो तर कोणी आलं असतं ना."

कोणी तरी आलंच. शेजारचे किराणावाले गुल्हानेशेठ सीडी परत करायला आले, शटर वर केलं, आणि त्यांच्या तोंडून जी आरोळी निघाली ती ऐकून मी हातातला घास टाकून धावलो. मी पोचलो तेव्हा दारात माणसं जमली होती. आत मनोहरभाऊ खुर्चीत, चेहरा चुन्यासारखा. आणि मागे स्क्रीनवर साइट चमकतेय. मी गर्दीतून आत घुसलो, "बाजूला व्हा, हवा येऊ द्या," असं मोठ्याने म्हणत आधी मॉनिटरचं बटण दाबलं, मग दोर सोडायला वाकलो. माझ्या आयुष्यातला तेवढाच काय तो चपळपणा.

गुल्हानेशेठ पुढे झाले. त्यांना प्रश्नातच उत्तर घालून विचारायची सवय. "मनोहर, दरोडा पडला ना?"

मनोहरभाऊंनी मान हलवली. त्या क्षणी त्यांना कोणी 'तू हत्ती आहेस ना' विचारलं असतं तरी हलवली असती.

"दोघं होते?"

मान.

"तोंडाले फडके बांधून?"

मान.

बघता बघता गुल्हानेशेठांनी एक नंबरचा दरोडा उभा केला. चाकूसुद्धा त्यांनीच दिला. मनोहरभाऊ फक्त माना देत गेले. कोणीतरी चौकीत धावलं. हवालदार आला, दोर उचलून पाहिला, निळा पदर पाहिला आणि म्हणाला, "हा तर शेषरावचा माल आहे." आणि दोर घेऊन गेला.

गर्दी ओसरल्यावर मनोहरभाऊ कोपऱ्यात जमिनीवर बसले होते. खुर्चीवर बसायला तयार नव्हते. मी पाणी दिलं.

"आता?" मी म्हटलं.

"आता काई नाई. चोर सापडणार नाई. चोरच नाई तर सापडन कुठून? होईन सगळं थंड."

तेवढ्यात शेषरावची बायको दारात उभी राहिली. पदर डोक्यावर ओढलेला, खांद्यावर न विकलेल्या दोरांची भेंडोळी. बाजार सोडून आली होती. "भाऊ," ती म्हणाली, "त्याले घेऊन गेले. तुमी तोंडं पाह्यले ना त्यायचे? तो नव्हता ना? तुमी एकडाव सांगा फक्त."

मनोहरभाऊंनी भेंडोळ्यांवरून नजर काढून घेतली. मग म्हणाले, "मले... काई दिसलं नाई, बाई. डोळ्याले फडकं होतं."

हे फडकं गुल्हानेशेठांनीही घातलेलं नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं. ती वळली आणि चौकीच्या दिशेने गेली.

"मनोहरभाऊ," मी म्हटलं, "तुम्ही जाता का मी जाऊ?"

"तू गेला तर काय सांगशीन?"

"खरं."

"मले गावात राहाचं आहे रे, सुध्या. सुमन बाजारात बसते. तिच्यासमोर लोकं हसतीन. वांगे घेता घेता हसतीन." ते दोन्ही हातांनी गुडघे धरून बसले होते आणि गुडघे हातांसकट हलत होते. "मी मेलो तर बरं. नाई, मेलो तर नाई. मरायचं बी भेव वाटते मले."

तेव्हा गुल्हानेशेठ पुन्हा आले, बातमी घेऊन, लग्नाची पत्रिका द्यावी तशा थाटात. "बसवला साल्याले चौकीत. बेड्या नव्हत्या म्हणे, तर त्याच्याच दोरानं हात बांधले. निळा पदर. काय मजा आहे पाहा, त्याच्याच मालानं."

मनोहरभाऊंचे गुडघे हलायचे थांबले.

"खरोखर बांधला?" त्यांनी विचारलं.

"मंग काय नाटक करून राह्यले का तिथं?"

ते उठले. भिंतीला धरून उठले. माझ्याकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "खऱ्या माणसाले बांधलं, सुध्या. आपल्या इथं नाई चालत ते." आणि चपला न घालता बाहेर पडले.

चौकी म्हणजे एक खोली आणि ओसरी. ओसरीवर शेषराव उकिडवा बसलेला, हात पुढे बांधलेले. त्याची बायको पायरीवर. बाजारातले दहा-पंधरा रिकामटेकडे. मनोहरभाऊ हवालदारासमोर उभे राहिले आणि त्यांचा आवाजच फुटेना. तोंड हलतंय, पाण्याबाहेरच्या मासोळीसारखं.

"काय म्हणून राह्यला, मनोहर? आणखी काई गेलं का?"

"को... कोणी नाई."

"काय कोणी नाई?"

"कोणी नाई बांधलं. मी... मीच."

हवालदाराने टोपी काढून टेबलावर ठेवली. "तू सोताच सोताले बांधलं?"

मान.

"ह्याले चोरायनं धमकी दिली," गुल्हानेशेठ मागून म्हणाले. तेही आमच्या मागे आलेच होते. "माणूस एकटा सोताचे हात मागं कसा बांधन? अक्कल आहे का काई?"

हवालदारालाही ते पटलं. "घरी जाय, मनोहर. भेलास तू. चहा पे."

मनोहरभाऊ जागचे हलले नाहीत. सगळे थांबले होते आणि ते नुसते कापत होते. मला वाटलं, संपलं, हा आता वळणार. वळलेही ते. माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "खुर्ची आण."

मी दुकानातून खुर्ची आणली. दोर पुराव्यासाठी टेबलावर ठेवलेलाच होता. मनोहरभाऊ ओसरीच्या मधोमध खुर्चीवर बसले. वाकून एक पाय बांधला, मग दुसरा. बोटं इतकी कापत होती की पहिली गाठ दोनदा सुटली. कोणीतरी खिदळलं. मग दोर मागे घेऊन फास केला, मनगटं आत घातली, खांद्याला एक झटका दिला आणि दोर सर्रकन आवळला.

आणि त्यांचं कापणं थांबलं.

मी शपथेवर सांगतो, विजेचं बटण बंद करावं तसं थांबलं. ते ताठ बसले. मान वर केली. एवढ्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता, खणखणीत, सावकाश.

"असा बांधते माणूस सोताले, हवालदारसाहेब. सुती दोर असता तर सुटलो असतो. हा नायलॉन होय, नवा. फिरवला का आवळते. मले मालूम नव्हतं. चूक माही होय. दरोडा पडला नाई. फडकेवाले दोघं नाई, चाकू नाई. शेषरावनं फक्त दोर विकला."

"पण कायले?" हवालदार म्हणाला. "बांधलं कायले?"

"मले आवडते. सिनेमातले बांधल्याचे सीन मले आवडतात, लहानपणापासून. जगात लय लोकं आहेत असे. आमी त्या सीनची नोंद ठेवतो, शोधणाऱ्याले सापडाव म्हणून. हा सीन नीट लिहाचा होता, म्हणून करून पाह्यला. कोणाचं काई वाईट केलं नाई. ज्याले हसाचं असन त्यानं हसा. पण त्याले सोडा आधी."

कोणी हसलं नाही. म्हणजे लगेच नाही. नंतर महिनोन्‌महिने हसले. पण त्या घडीला ओसरीवर बाजारातला चिवड्यावाल्याचा झारा ऐकू येत होता. हवालदाराने शेषरावचे हात सोडले. आणि शेषरावने पहिली गोष्ट काय केली असेल? मनगटं चोळत तो खुर्चीमागे गेला, फासाकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हा विहिरीचा दोर होय. मले इचारलं असतं तर दुसरा देल्ला असता." आणि नखाने गाठीचा नेमका पदर उचलून तो सोडवला.

दोर सुटताच मनोहरभाऊ पुन्हा कापू लागले. मी त्यांना धरलं. तेव्हा दिसलं की पायरीच्या खाली सुमनवहिनी उभ्या होत्या, हातात तराजू तसाच. किती वेळ उभ्या होत्या, काय काय ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. त्या वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. मनोहरभाऊ मागे, पाच-सात हात अंतर ठेवून. मी त्यांच्या मागे.

दाराशी वहिनी थांबल्या. मनोहरभाऊंनी डोळे मिटून घेतले.

"खुर्ची चौकीतच राह्यली," वहिनी म्हणाल्या.

"मी आणतो," मी म्हटलं.

"तुमी नाई. त्यायनं आणाव. त्यायची होय."

भर बाजारातून, सगळ्यांच्या नजरांमधून, परत चौकीत. मला वाटलं हे काही होत नाही. पण ते गेले. मी दारातून पाहत होतो. येताना त्यांनी खुर्ची डोक्यावर उलटी घेतली होती, चारही पाय आभाळाकडे, आणि तिच्याखाली तोंड लपवून ते जवळजवळ पळत येत होते. मागे कुत्रा होता. त्या दिवशी खिशात बिस्कीट नव्हतं. वहिनींनी खुर्ची उतरवून घेतली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "जेवाले बसा." त्यापलीकडे त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या बाजाराला त्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. कोणी एक बाई वांगी निवडता निवडता ओठातल्या ओठात हसली, तर म्हणाल्या, "किडकं नाई एकबी. चांगलं पाहून घे." आणि तिच्याकडे पाहत राहिल्या.

'निर्भय' यांनी साइटवर अहवाल लिहिला. मीच टाइप केला. नवा नायलॉन, फास मागे, सुटत नाही, सोडवायला दुसरा माणूस लागतो, शक्यतो दोराचा जाणकार. दुसऱ्या दिवशी कॅप्टनचं उत्तर आलं. 'सहमत.' मनोहरभाऊंनी ते मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं आणि मग मागचं दार पाहून आले.

दुकान मात्र चाललं नाही. पोरं शटरवर दोरीचे तुकडे बांधून जात. बायका सीडी न्यायला येईनाशा झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी दुकान विकलं आणि वर्ध्याला, बोरगाव मेघेत, साळ्याने पाहून दिलेल्या दोन खोल्यांत जायचं ठरवलं. निघाले तो बाजाराचाच दिवस होता. मेटॅडोरमध्ये पलंग, कपाट, कॉम्प्युटरचे खोके आणि सगळ्यात वर ती खुर्ची. ड्रायव्हरने सामान बांधलं होतं, पण खुर्ची डुगडुगत होती.

शेषराव बाजारातून उठून आला. खांद्यावरचं एक भेंडोळं उतरवून मनोहरभाऊंपुढे धरलं. पांढरा, निळ्या पदराचा. "सुती होय हा," तो म्हणाला. "तुमच्यासाठी मुद्दाम निळा टाकला. बांधा तुमी."

आजूबाजूला लोक होते. गुल्हानेशेठ दुकानाच्या पायरीवर येऊन उभे होते. मनोहरभाऊंनी इकडे तिकडे पाहिलं, घाबरून माझ्याकडे पाहिलं, शेवटी वहिनींकडे. त्या आधीच केबिनमध्ये बसल्या होत्या. "चाला लवकर," त्या म्हणाल्या, "ऊन होऊन राह्यलं."

ते मेटॅडोरच्या मागे चढले. बोटं नेहमीसारखीच कापत होती. दोर खुर्चीच्या पायातून घेतला, कपाटावरून फिरवला, कडीत ओवला, गाठ मारली, हलवून पाहिली, मग पुन्हा हलवून पाहिली. उतरताना शेषरावला विचारलं, "सुटन ना पण, तिथं गेल्यावर?"

"सुटन, भाऊ. तुमच्या हातानं सुटन."

गाडी निघाली. बसस्टँडपाशी वळेपर्यंत मी पाहत होतो. वरची खुर्ची जागची हलली नाही. केबिनच्या खिडकीतून मनोहरभाऊंचा हात बाहेर आला होता. दोराचं मोकळं टोक त्यांनी मागून ओढून घेतलं होतं आणि ते मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.